लोणीचे विठ्ठलराव

प्रवरा नदी सह्याद्रीच्या रतनगडाजवळ उगम पावते, अकोले, संगमनेर, राहुरी, नेवासे असा प्रवास करते आणि प्रवरासंगम येथे गोदावरीस मिळते. याच नदीच्या काठी, नेवाशास, ज्ञानेश्वरांनी भगवद्गीतेवरील आपले भाष्य सांगितले. एवढी पुण्याई लाभलेल्या या नदीच्या दोन्ही तीरांवरील भूमी मात्र शतकानुशतके तहानलेलीच होती. सह्याद्रीच्या माथ्यावर धो धो कोसळणारा पाऊस खाली देशावर उतरेपर्यंत विरळ होतो. त्यामुळे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात, ज्याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर असे झाले आहे, चार-पाच वर्षांतून एकदा तरी दुष्काळ ठरलेला असे. बाजरी आणि ज्वारी ही तेथील पिके. तीही आकाशातल्या ढगांवर अवलंबून.

इंग्रज सरकारने १९१० मध्ये भंडारदरा येथे प्रवरेवर धरण बांधावयास घेतले व ते १९२६ मध्ये पुरे झाले. ओझरच्या बंधाऱ्यापासून नदीच्या दोन्ही अंगांनी कालवे काढण्यात आले. ज्या रानात कुसळे उगवत तेथे पाणी खेळू लागले, आणि पाण्यामागून ऊस आला. आता या भागाचे दारिद्र्य फिटले, असे कोणासही वाटले असते. परंतु पाणी आले म्हणजे पैसा आला, असे होत नाही. उसास पाण्याखेरीज बेणे हवे, पेंडीचे खत हवे, खुरपणी-बांधणीसाठी मजूर हवेत. आणि आडसाली ऊस तर सोळा-अठरा महिने शेतात उभा असतो. तोपर्यंतचा सगळा खर्च शेतकऱ्याने आणावयाचा कोठून? तो सावकाराकडे जाई, नाही तर बाजारपेठेतील अडत्याकडून उचल घेई.

उचल घेतली की गूळही त्याच अडत्याच्या दुकानी घालावा लागे. गुऱ्हाळाचे दिवस मोठ्या धामधुमीचे. पहाटेच्या अंधारात चरक फिरू लागत, कढईखाली जाळ पेटे, गुळव्या रसावरची मळी काढीत बसे, आणि त्या गोड वासाने सारे शिवार भरून जाई. मुलांना त्या दिवसांत रसाची व काकवीची चंगळ असे. पण गुळाच्या ढेपा गाडीत घालून पेठेत नेल्यावर अडत्या जी हिशेबाची पट्टी हातात ठेवी, तिच्यात अडत, हमाली, तोलाई आणि उचलीवरील व्याज वजा होऊन जे काही उरे, त्यात पुढच्या लागवडीची सोय क्वचितच होई. शेतकऱ्यास लिहिता-वाचता येत नसल्यामुळे पट्टीवरील आकडे खरे की खोटे, हेही त्यास समजत नसे. तो अंगठा उठवी आणि रिकामी गाडी घेऊन घरी परते.

अशा या मुलखात, लोणी बुद्रुक या गावी, एकनाथराव विखे पाटील यांच्या घरात विठ्ठलरावांचा जन्म झाला. शतक पालटण्याच्या सुमाराची ही गोष्ट. त्यांची जयंती श्रावणातील नारळी पौर्णिमेस पाळतात. त्यांचे शालेय शिक्षण मराठी चौथीच्या पुढे गेले नाही. त्या काळी खेड्यातल्या कुणब्याच्या मुलास एवढीही शाळा मिळाली तर ते भाग्यच समजले जाई. शाळा सुटली आणि शेती सुरू झाली. विठ्ठलरावांना थोडेफार वाचता येत होते, आकडे समजत होते. आणि आजूबाजूच्या शेतकऱ्यांच्या हातातील पट्ट्या ते पाहत होते. गावातला कर्ता माणूस कष्टात कमी पडत नाही, तरी दरसाल कर्जात अधिक खोल जातो, ही गोष्ट त्यांच्या मनास लागून राहिली.

सावकारीचा हा रोग जुना होता. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली, आणि हा वणवा नगर जिल्ह्यातही पसरला. इतिहासात या प्रसंगास दख्खनचे दंगे म्हणतात. सरकारने चौकशी केली, १८७९ मध्ये शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. पण कागद जाळल्याने किंवा कायदा केल्याने शेतकऱ्याची पैशाची गरज थोडीच भागते! पेरणीच्या वेळी त्यास पैसा हवाच असतो, आणि तो देणारा दुसरा कोणी नसेल तर तो पुन्हा त्याच ओसरीवर जातो. म्हणून १९०४ मध्ये सहकारी पतपेढ्यांचा कायदा आला. गावातील लोकांनी एकत्र यावे, थोडे थोडे पैसे जमवावेत, त्याच्या जोरावर मोठ्या पेढीकडून रक्कम आणावी व आपसांत माफक व्याजाने वाटून घ्यावी, अशी ही योजना होती.

लोणी बुद्रुकची सहकारी पतपेढी १९२३ मध्ये निघाली. तिच्या स्थापनेत विठ्ठलराव पुढे होते. त्या वेळी ते ऐन तारुण्यात होते. आज पतपेढी म्हटली की आपल्यास त्यात विशेष काही वाटत नाही. म्हणून त्या काळच्या पतपेढीचा एक नियम येथे सांगितला पाहिजे. खेड्यातील अशा पतपेढीच्या सभासदांवर अमर्याद जबाबदारी असे. म्हणजे असे की, एखाद्या सभासदाने कर्ज बुडविले आणि पतपेढी अडचणीत आली, तर ते कर्ज बाकीच्या सभासदांच्या घरादारातून वसूल होऊ शकत असे. शेजाऱ्याच्या सहीसाठी आपली जमीन पणास लावावयाची! ज्या गावात बांधाच्या एका हातभर जागेवरून भाऊ भावाच्या विरुद्ध कोर्टात उभा राहतो, त्या गावात हा नियम मान्य करविणे किती अवघड असेल, याची कल्पना करावी.

विठ्ठलरावांची खरी कसोटी येथे लागली. कर्ज कोणास द्यावे व कोणास देऊ नये, हे ठरविताना नातेगोते आड येते, भावकी आड येते. दिलेले कर्ज वेळेवर मागावयास गेले तर मैत्री तुटते. न मागितले तर पतपेढी बुडते. अनेक गावांतल्या पतपेढ्या याच खडकावर आपटून फुटल्या आणि सहकाराचे नाव काढताच लोक हसू लागले. लोणीत तसे झाले नाही. गावातील पंचांच्या मदतीने कर्ज वाटावे, पिकाच्या वेळी ते वसूल करावे, हिशेब सर्वांस वाचून दाखवावा, असा क्रम वर्षामागून वर्षे चालू राहिला. त्यात गाजावाजा होण्याजोगे काही नव्हते. वर्तमानपत्रांनी त्याची दखल घेतली नाही. पुढे जो भव्य कारखाना उभा राहिला त्याचेच वर्णन लोक करतात. पण त्या कारखान्याचा पाया पंचवीस वर्षे आधी या लहानशा पतपेढीच्या वहीत घातला गेला होता, असे माझे मत आहे.

दरम्यान कालव्यांच्या प्रदेशात दुसरीच एक घडामोड चालू झाली होती. परदेशी साखरेवर जबर जकात बसवून देशी कारखान्यांना संरक्षण देणारा कायदा सरकारने १९३२ मध्ये केला. साखरेच्या धंद्यात नफा दिसू लागताच भांडवलदार कंपन्या पुढे आल्या. हरेगाव येथे बेलापूर कंपनीचा कारखाना होताच. टिळकनगर, साकरवाडी, चांगदेवनगर अशा ठिकाणी खासगी कारखान्यांची धुराडी दिसू लागली. हे कारखाने शेतकऱ्याकडून ऊस घेण्यापेक्षा त्याची जमीनच दीर्घ मुदतीच्या खंडाने घेत व तीवर स्वतःचे उसाचे मळे करीत. कर्जाने वाकलेल्या शेतकऱ्यास ठरावीक खंडाची रोख रक्कम मोठी वाटे आणि तो करारावर अंगठा उठवी. मग काल जो जमिनीचा मालक होता तोच आज कारखान्याच्या मळ्यावर, म्हणजे आपल्याच वडिलार्जित रानात, रोजाने कामास जाई. या खंडकरी शेतकऱ्यांची कहाणी फार लांबली. १९६१ च्या जमीनधारणा कायद्याने कारखान्यांच्या जमिनी सरकारकडे आल्या, १९६३ मध्ये त्यांसाठी शेती महामंडळ निघाले, आणि मूळ मालकांच्या वारसांना त्या परत मिळविण्यासाठी त्यानंतरही कित्येक दशके झगडावे लागले.

जे शेतकरी जमिनी राखून होते त्यांची स्थितीही फारशी बरी नव्हती. ऊस हे पीक मोठे विलक्षण आहे. धान्य कणगीत भरून ठेवता येते, कापूस भाव येईपर्यंत घरात ठेवता येतो. उसाचे तसे नाही. ऊस तोडल्यापासून एक-दोन दिवसांत त्याचा रस उतरू लागतो, वजन घटते. त्यामुळे तोडलेला ऊस घेऊन कोणी घासाघीस करीत बसू शकत नाही. ज्याच्याजवळ घाणा आहे त्याचा शब्द अखेरचा. १९३० च्या आसपासच्या जागतिक मंदीत गुळाचे भाव कोसळले, तेव्हा अनेक बागाईतदारांची ढेपा विकून उचलही फिटली नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भाव चढले खरे, पण युद्ध संपल्यावर पुन्हा मंदी आली तर काय करावयाचे, ही चिंता सर्वांना घेरून होती.

या चिंतेतूनच १९४५ मध्ये दक्षिणेतील कालव्यांवरील बागाईतदारांची परिषद बेलापूर रोड, म्हणजे आजचे श्रीरामपूर, येथे भरली. परिषदेचे अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक प्राध्यापक धनंजयराव गाडगीळ. शेतकऱ्याच्या मालातून जो नफा निघतो तो मुख्यतः मालावर प्रक्रिया करणाऱ्याच्या व तो विकणाऱ्याच्या हाती जातो; म्हणून प्रक्रियेचे साधनच शेतकऱ्यांच्या मालकीचे असले पाहिजे, असा विचार त्यांनी मांडला. शेतकऱ्यांनी सहकारी पद्धतीने स्वतःचा साखर कारखाना काढावा, ही कल्पना तेथे बळावली. परिषदा पुष्कळ होतात, ठराव पुष्कळ होतात आणि मंडप सोडला की ठरावही विरून जातात. या ठरावाचे तसे झाले नाही, कारण तो अंगावर घेणारा माणूस लोणीत होता.

सहकारी कारखाना आणि कंपनी यांत भेद काय, हे येथे समजून घेतले पाहिजे. शेतकऱ्यांच्या मालकीचा कारखाना महाराष्ट्रात त्यापूर्वीही झाला होता. सासवडकडील उद्योगी माळी बागाईतदारांनी १९३० च्या दशकात सोलापूर जिल्ह्यात माळीनगर येथे तो उभारला होता. परंतु तो कंपनीच्या रूपाने, आणि कंपनीत ज्याचे भाग अधिक त्याची मते अधिक. सहकारी संस्थेत पन्नास एकर उसाच्या धन्यासही एकच मत आणि दोन एकरवाल्यासही एकच मत. आपल्याकडे विठ्ठलरावांच्या कारखान्यास आशिया खंडातील पहिला सहकारी साखर कारखाना म्हणण्याची चाल पडली आहे. आंध्रात एटिकोप्पाका येथे १९३३ मध्ये सहकारी तत्त्वावर एक कारखाना निघाला होता, हे सत्य त्या भरात विसरू नये. प्रवरेचा कारखाना महाराष्ट्रातील पहिला होता, आणि इतरांनी ज्याच्या पावलांवर पाऊल टाकावे असा यशस्वी झालेला पहिला होता. एवढा मान त्यास पुष्कळ आहे.

आता भागभांडवल जमविण्याचे काम सुरू झाले. साखर कारखाना म्हणजे लाखो रुपयांची बाब. ज्याने उभ्या जन्मात शंभर रुपये एकत्र मोजले नाहीत त्याच्याकडून ती जमा करावयाची होती. विठ्ठलराव गावोगाव फिरू लागले. धोतर, सदरा, डोक्यास फेटा असा त्यांचा वेष पाहून कोणासही ते परके वाटत नसत. देवळापुढच्या पारावर, वाड्याच्या ओसरीवर, मळ्यातल्या झाडाखाली बैठका होत. शेतकऱ्यांच्या मनांत शंकांचे काहूर होते. कारखाना चालविणे हे शिकल्यासवरलेल्या पैसेवाल्यांचे काम. नांगरामागे चालणाऱ्यास यंत्रे काय कळणार? पैसे गोळा करून कोणी पळून गेला तर? गावोगावच्या पतपेढ्या बुडालेल्या सर्वांनी पाहिल्या होत्या, मग एवढा मोठा कारखाना बुडाला तर काय उरणार? मोठे बागाईतदार लहानांना गिळून टाकणार नाहीत कशावरून? या शंका खोट्या होत्या असे म्हणता येणार नाही. पिढ्यान् पिढ्या फसविला गेलेला माणूस सावध असतो, आणि तसे असण्यात त्याचा दोष नसतो.

विठ्ठलरावांपाशी मोठे वक्तृत्व नव्हते की अर्थशास्त्राची पदवी नव्हती. त्यांच्यापाशी लोणीच्या पतपेढीचे पंचवीस वर्षांचे चोख हिशेब होते. लोकांनी भाग घेतले ते कारखान्याच्या नकाशाकडे पाहून नव्हे. कारखाना कसा असतो हे त्यांतील बहुतेकांनी पाहिलेही नव्हते. ज्या माणसाने आपल्या हातून जाणाऱ्या पैशात कधी काळेबेरे केले नाही, तो भाग घ्या म्हणतो, म्हणून त्यांनी घेतले. एकाच्या मागे दुसरा आला, एका गावामागे दुसरे गाव आले. तरी पुरेशी रक्कम उभी राहावयास फार काळ लागला. कित्येक दारांतून विठ्ठलरावांना रिकाम्या हाती परतावे लागले, आणि त्याच दारात पुन्हा जावे लागले.

१९४८ मध्ये कारखान्याची संस्था नोंदली गेली. देश नुकताच स्वतंत्र झाला होता. मुंबई राज्याचे अर्थमंत्री वैकुंठभाई मेहता हे होते, आणि हा मोठा सुयोग म्हटला पाहिजे. कारण मंत्री होण्यापूर्वी तीन तपांच्या आसपास काळ त्यांनी मुंबईच्या सहकारी बँकेचा कारभार पाहिला होता व सहकार हा त्यांच्या श्रद्धेचा विषय होता. शेतकऱ्यांनी आधी आपला वाटा उचलून दाखविला आणि मग सरकारनेही कारखान्याचे भाग घेतले. देशात नव्याने स्थापन झालेल्या औद्योगिक वित्त महामंडळाने कर्ज दिले. त्या काळी साखरेची यंत्रसामग्री परदेशातून आणावी लागे. ती अवजड यंत्रे रेल्वेने व रस्त्याने लोणीजवळच्या माळावर येऊन पडली तेव्हा ती पाहावयास पंचक्रोशीतील माणसे जमत. ज्या माळावर मेंढरे चरत तेथे भिंती चढू लागल्या, धुराडे उभे राहिले. या वसाहतीस प्रवरानगर असे नाव पडले.

१९५०–५१ च्या हंगामात कारखान्याचे पहिले गाळप झाले. दिवसास सुमारे ५०० टन ऊस गाळण्याची त्याची शक्ती होती. हा आकडा केवळ वाचून सोडून देऊ नये. थोडे गणित करून पाहावे. एका बैलगाडीत सुमारे सव्वा टन ऊस मावतो असे धरले, तर ५०० टनांसाठी रोज ४०० गाड्या हव्यात. गाळप रात्रंदिवस चालते; मध्ये खंड पडला तर यंत्रे थंड होतात आणि नुकसान होते. म्हणजे दर सहा तासांत शंभर गाड्या काट्यावर आल्याच पाहिजेत. कोणत्या गावचा, कोणाचा ऊस कोणत्या दिवशी तोडावयाचा, हे लागवडीच्या तारखा पाहून आधी ठरवावे लागते. प्रत्येकास वाटते की आपला ऊस आधी जावा. अशा वेळी चेअरमनच्या सोयऱ्याचा ऊस पुढे आणि गरिबाचा मागे असे एकदा जरी झाले, तरी सभासदांचा विश्वास उडतो. गुऱ्हाळावर जी शिस्त कधी लागली नव्हती ती या गाड्यांच्या रांगेने लावली.

पैशाची व्यवस्थाही नवी होती. काट्यावर उसाचे वजन होई आणि त्याची नोंद शेतकऱ्याच्या नावे पडे. ऊस गेल्यावर एक हप्ता मिळे. हंगाम संपून साखर विकल्यावर, खर्च व कर्जाचे हप्ते वजा जाता जे उरे त्यातून पुढील रक्कम मिळे. अडत्या गेला, तोलाई गेली, अंगठ्याची पट्टी गेली. उलट प्रत्येक टनामागे काही रक्कम ठेव म्हणून कापून कारखान्यातच ठेवण्याची रीत सहकारी कारखान्यांत रूढ झाली. हातात येणारे पैसे असे थोडे मागे ठेवणे शेतकऱ्यांस प्रथम जड जाई, पण याच कापलेल्या पैशांतून कर्जे फिटत गेली, यंत्रे वाढली.

कारखान्याचे पहिले अध्यक्ष कोण झाले? ज्यांनी चपला झिजविल्या त्या विठ्ठलरावांनी अध्यक्षपद घेतले असते तर कोणी आक्षेप घेतला नसता. पण अध्यक्ष झाले धनंजयराव गाडगीळ, आणि विठ्ठलराव उपाध्यक्ष. पुण्यातले एक विद्वान प्राध्यापक व लोणीतले एक चौथीपर्यंत शिकलेले शेतकरी, अशी ही जोडी सुमारे दहा वर्षे एकत्र नांदली. गाडगीळ बैठकांसाठी पुण्याहून येत, जमाखर्चाचे तत्त्व समजावीत, नफा वाटून टाकण्याचा मोह आवरण्यास सांगत. विठ्ठलराव शेतकऱ्यांच्या भाषेत ते पुन्हा उलगडून सांगत, आणि शेतकऱ्यांची अडचण काय आहे ते प्राध्यापकांस समजावीत. एकमेकांवाचून दोघांचेही काम अपुरे राहिले असते. विद्वानांनी खेड्याकडे यावे असे आपण नेहमी म्हणतो; पण आलेल्या विद्वानास मान देऊन आपल्या डोक्यावर बसविण्यास खेड्यातल्या पुढाऱ्याचे मन केवढे मोठे असावे लागते, याचा विचार फारसा होत नाही. १९६० मध्ये गाडगीळ पदावरून दूर झाल्यावर विठ्ठलराव अध्यक्ष झाले. गाडगीळ पुढे देशाच्या नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले व १९७१ मध्ये निवर्तले.

प्रवरेचा प्रयोग साधला हे दिसताच महाराष्ट्रभर हालचाल सुरू झाली. सरकारनेही नव्या साखर कारखान्यांचे परवाने देताना सहकारी संस्थांस अग्रक्रम देण्याचे धोरण ठेवले. वारणेच्या खोऱ्यात तात्यासाहेब कोरे, इचलकरंजीच्या बाजूस रत्नाप्पा कुंभार, सांगलीस वसंतदादा पाटील, संगमनेरास भाऊसाहेब थोरात अशी माणसे पुढे आली आणि नदीनदीच्या काठी शेतकऱ्यांचे कारखाने उभे राहिले. पुढे राज्यातील सहकारी साखर कारखान्यांची संख्या शंभराच्या वर गेली. १९६१ मध्ये पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू प्रवरानगर येथे येऊन गेले. त्याच वर्षी भारत सरकारने विठ्ठलरावांना पद्मश्री हा किताब दिला. विद्यापीठाने त्यांस सन्माननीय डॉक्टर ही पदवी दिली.

कारखान्याने सर्वच दुःखे दूर केली असे लिहिणे सत्यास सोडून होईल. सभासद झाला तो ऊसवाला शेतकरी. ज्याच्या रानात कालव्याचे पाणी पोचत नव्हते तो कोरडवाहू शेतकरी बाहेरच राहिला. ऊस तोडावयास दरसाल बीड, पाथर्डीकडील हजारो माणसे बायकामुलांसह येतात, उघड्या रानात पाचटाच्या खोपीत राहतात, हातात कोयता घेऊन पहाटेपासून राबतात; त्यांची मुले हंगामभर शाळेला मुकतात. कारखान्याच्या मालकीत त्यांचा वाटा नाही. ऊस फार पाणी पितो, ही तक्रारही खरी आहे. आणि विठ्ठलरावांच्या पश्चात अनेक ठिकाणी सहकारी कारखाने कर्जात बुडाले, काही विकले गेले. तेथे यंत्रे तीच होती, कायदाही तोच होता. लोणीच्या पतपेढीत जी चोख वही होती, तिची उणीव होती.

उसाच्या पैशाने घरे बांधली, गाड्या घेतल्या, लग्ने थाटात केली असे पुष्कळ झाले. विठ्ठलरावांचे लक्ष शाळेकडे होते. स्वतःची शाळा चौथीत सुटली, हे शल्य त्यांच्या मनात असावे असे वाटते. १९६४ मध्ये प्रवरा शिक्षण संस्था निघाली व प्रवरानगर येथे निवासी शाळा सुरू झाली. शहरातील श्रीमंतांच्या मुलांना ज्या सोयी मिळतात त्या शेतकऱ्यांच्या मुलांना माळावर मिळाव्यात, असा त्यामागील हेतू होता. नंतर तेथे महाविद्यालये निघाली, मोठे रुग्णालय झाले. त्यांचे चिरंजीव बाळासाहेब यांनी हे काम पुढे वाढविले. ते लोकसभेत निवडून गेले, केंद्रात मंत्री झाले व २०१६ मध्ये वारले.

विठ्ठलराव स्वतः अखेरपर्यंत लोणीचेच राहिले. त्यांच्याकडे कामासाठी येणारा माणूस बहुधा शेतकरीच असे. कोणाचे उसाचे बिल अडलेले, कोणाच्या मुलाच्या शाळेचे, कोणाच्या विहिरीचे. २७ एप्रिल १९८० रोजी त्यांचे निधन झाले. साखर कारखान्यांचा हंगाम संपत येण्याचे ते दिवस असतात. शेतात पाचट पेटविलेले असते, तोडणीच्या टोळ्या आपल्या गावी परतू लागलेल्या असतात.

कारखान्यास पुढे त्यांचे नाव देण्यात आले. पद्मश्री डॉक्टर विठ्ठलराव विखे पाटील सहकारी साखर कारखाना हे त्याचे कागदावरील पूर्ण नाव आहे. त्या भागातील उसाची गाडी हाकणारा मात्र एवढे लांब नाव घेत नाही. गाडी कोठे चालली म्हणून विचारले, तर तो प्रवरा कारखाना एवढेच सांगतो आणि बैलांना हाक देतो.